घरोघरी ओला-सुका कचरा वेगळा करवून घ्यायचाय. दोनदा फसलंय, आता सुरुवात कुठून करू?

सचिव_बी_विंग

कांदिवली पूर्वेला सोसायटी आहे. दोन विंग, आठ मजले, मजल्यावर चार घरं, एकूण ६४ फ्लॅट. सफाईला दोन कामगार. सकाळी ८ ते १० दारातून कचरा उचलतात, खाली चार ड्रममध्ये टाकतात, तिथून पालिकेची गाडी नेते.

दोनदा नोटीस लावली. कमिटीने खर्च करून प्रत्येक घरात एक हिरवा, एक निळा डबा दिला. दहा-बारा दिवस बरं चाललं, मग पुन्हा काळ्या पिशवीत सगळं एकत्र. हिरव्या डब्यात आता कांदे-बटाटे असतात आणि निळ्यात इस्त्रीचे कपडे. विचारलं की एकच उत्तर, "गाडीत शेवटी सगळं एकत्रच जातं ना."

माहीतगारांनी सांगावं:

१) लोकांना वळवायचं कसं? दंड लावून काही होतं का?
२) प्लास्टिकची पिशवी बंद केली की डबा गळतो, वास येतो, अळ्या होतात. त्यावर उपाय?
३) डायपर, सॅनिटरी पॅड कशात टाकायचे?
४) खत आपल्याच आवारात करावं की पालिकेला द्यावं?

ओलासुका

तुमचे सदस्य म्हणताहेत ते खरं आहे, म्हणूनच नोटीस चालली नाही. फक्त ते "गाडीत" म्हणतात आणि प्रत्यक्षात कचरा गाडीच्या फार आधी एकत्र होतो. एक दिवस सकाळी सव्वाआठला आठव्या मजल्यावर उभे राहा आणि कामगाराच्या हातात काय आहे ते बघा. एक ड्रम असेल नाहीतर एक मोठी पिशवी. माणसाला दोन हात, लिफ्ट सकाळी शाळा-ऑफिसवाल्यांनी भरलेली, ३२ घरं दोन तासांत संपवायची. तो दारातच हिरवा आणि निळा डबा एकात उलटा करतो. घरातली बाई दार लावताना ते बघते. त्या दिवसापासून तिच्या लेखी विषय संपला.

म्हणून डबे शेवटी, उचलण्याची पद्धत आधी. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारा बदल एकच आहे: सुका कचरा रोज उचलायचा नाही. ओला रोज, सुका आठवड्यातून दोनदा, समजा बुधवार आणि शनिवार, तोही ओला उचलून झाल्यावर वेगळ्या फेरीत. सोमवारी कामगाराकडे सुक्यासाठी भांडंच नसेल तर मिसळणार कशात? सुका कुजत नाही, चार दिवस घरात राहिला तर काही बिघडत नाही. कामगाराचं रोजचं ओझंही हलकं होतं, त्यामुळे तो विरोध करत नाही.

क्रम असा ठेवा.

पहिला आठवडा कोणालाही काही सांगू नका, फक्त वजन करा. पन्नास किलोचा लटकता काटा आणा आणि सात दिवस रोजचा एकूण कचरा मोजा. रविवार त्यात आलाच पाहिजे. ६४ घरं, म्हणजे अडीचशेच्या आसपास माणसं धरली तर रोज १०० ते १२० किलोच्या मध्ये आकडा यावा, त्यातला निम्म्याच्या आसपास ओला. हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण केंद्राच्या २०१६ च्या घनकचरा नियमांत रोज १०० किलोंच्या वरचा कचरा करणारा तो मोठा कचरा निर्माता धरला गेला, आणि मुंबईत पालिकेने २ ऑक्टोबर २०१७ पासून अशा सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं. तुम्ही बरोबर त्या रेषेवर आहात. वजनाची नोंद नसेल तर उद्या नोटीस आल्यावर बोलायला काही हातात नसतं.

दुसऱ्या आठवड्यात खालची जागा. ओल्यासाठी झाकणाचे दोन ड्रम. सुक्यासाठी छप्पर असलेला साधारण आठ बाय सहा फुटांचा कोपरा. मीटर रूमच्या बाजूला किंवा जिन्याखाली असतो बऱ्याच ठिकाणी. फक्त मीटरला लागून नको, कागद-पुठ्ठा आहे. त्यात दोन जंबो बॅगा, बांधकामाची वाळू येते तसल्या. तुमचा तीन-चार दिवसांचा सुका कचरा दीड-दोन घनमीटर होईल, एकात मावणार नाही.

याच आठवड्यात विभाग कार्यालयात जा. कांदिवली म्हणजे आर दक्षिण. घनकचरा खात्याच्या कनिष्ठ पर्यवेक्षकाला लेखी विचारा की सुक्या कचऱ्याची वेगळी गाडी तुमच्या रस्त्यावर कोणत्या दिवशी येते आणि संकलन केंद्र कुठे आहे. पण त्याच्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे तुमच्या भागाच्या चौकीवरच्या मुकादमाला भेटा. गाडी कुठे थांबते, किती वाजता, कोण चढवतं, हे कागदावर नसतं, मुकादमाला माहीत असतं. तो म्हणेल त्या वाराला तुमचा सुक्याचा वार जुळवा, उलट नाही.

तिसरा आठवडा कामगारांचा. सुक्या विक्रीचे पैसे कामगारांचे, कमिटीचे नाहीत, हे ठराव करून सांगा. कमिटीने त्या पैशांवर हात ठेवला की वर्गीकरण महिन्याभरात मोडतं, कारण तपासणारा माणूसच राहत नाही. पगार मात्र त्यातून कापू नका. हातमोजे, गमबूट द्या. पावसात ड्रमभोवती उंदीर असतात, लेप्टोचा (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) धोका आहे, रबरी चपलेवर हे काम नको.

हे सगळं झाल्यावर चौथ्या आठवड्यात घरं. नोटीस नको. दोघा-दोघांनी दारोदार जायचं, एका घराला पाच मिनिटं, संध्याकाळी साडेसात ते नऊ. आणि घरमालकाशी बोलून निघून यायचं नाही. डबा ज्या हातांनी भरतो त्या हातांशी बोलायचं. बऱ्याच घरांत ती कामवाली मावशी असते. ती सकाळी येते, एका दिवसात तीन-चार घरं करते. तुमच्या इमारतीत दहा-पंधरा मावशांनी मनावर घेतलं तर निम्मी सोसायटी सुधारली असं समजा. त्यांच्यासाठी चित्रांचा तक्ता करा, अक्षरांचा नको.

पाचव्या आठवड्यापासून नोंद. एका कागदावर ६४ चौकोन. कामगार फक्त खूण करतो: बरोबर, थोडं चुकलं, एकत्र. एकत्र असेल तर पहिल्या वेळी उचलायचं आणि दाराला चिठ्ठी लावायची. चिठ्ठीवर "कृपया सहकार्य करावे" नको, काय सापडलं ते लिहा: "ओल्यात दुधाची पिशवी आणि वेफर्सचं पाकीट." दुसऱ्या वेळी डबा तसाच दारात ठेवायचा. डबा परत ठेवायचा दिवस रविवार नको, आणि हे काम एकट्या कामगाराच्या गळ्यात नको, त्या दिवशी कमिटीतलं कोणीतरी सोबत पाहिजे. नाहीतर सदस्य त्याच्यावर ओरडतो आणि तो दुसऱ्या दिवसापासून निमूट उचलतो.

आणि नोटिशीत देवनारच्या कचरा डेपोचं नाव लिहू नका. १९२७ पासून तिथे कचरा पडतोय, जानेवारी २०१६ ची आग सगळ्यांनी बघितली. ओला कचरा दाबला गेला की हवेवाचून कुजतो, मिथेन होतो, तो पेटतो, हे सगळं खरं आहे. पण कांदिवलीतल्या माणसाला देवनार लांब वाटतं. त्याला पार्किंगमध्ये ड्रममधून वाहणारं काळं पाणी दाखवा.

खतवाली

प्रश्न दोनचं उत्तर. वास कचऱ्याला येत नाही, पाण्याला येतो. डाळ, आमटी, ताक, भाताचं पाणी डब्यात गेलं आणि वर पिशवीची गाठ बसली की आत हवा नाही. मुंबईच्या उकाड्यात बारा तासांत आंबतं. तुम्ही पिशवी काढलीत पण पाणी तसंच ठेवलंत, म्हणून गळायला लागलं.

तीन गोष्टी सांगा घरांना.

सिंकच्या कडेला एक जाळीचं भांडं. भाजीची सालं, चहाचा चोथा, ताटातलं उष्टं आधी त्यात. रात्री ओटा पुसताना निथळलेलं डब्यात ओतायचं. एवढ्याने गळती जवळजवळ थांबते.

डब्यात वर्तमानपत्र. बहुतेक लोक एक पान तळाला टाकतात आणि म्हणतात ओलं होऊन फाटतं. दोन अख्खी डबल पानं घ्या, एकावर एक आडवी-उभी ठेवा, म्हणजे अधिकचं चिन्ह होतं. मधोमध मूठ ठेवून डब्यात दाबा, बाजू भिंतीला चिकटवा, टोकं काठावरून बाहेर दुमडा. आता तळाला चौथाई घडी केलेलं एक पान वेगळं. ही घडी पाणी पिते, बाहेरची दोन पानं फाटत नाहीत. सकाळी टोकं आत वळवली की पुरचुंडी होते, डबा उलटा केला की सगळं एकसंध पडतं आणि डबा धुवायला जेमतेम तांब्याभर पाणी लागतं. छापील गुळगुळीत पुरवणीची पानं घेऊ नका, ती पाणी शोषत नाहीत.

झाकण घट्ट नको. किंचित फट राहू द्या किंवा झाकणाला सहा-आठ भोकं पाडा. चिलटं येत असतील तर वर मूठभर कोरडा पाला किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भुरभुरा. अळ्यांसाठी फिनेल ओतणारे लोक आहेत, ते आधी थांबवा. तो कचरा खताला जायचा असतो.

रविवारची गोष्ट वेगळी. मासळी शक्यतो कोळणीकडूनच साफ करून आणायची, खवले-कल्ले तिथेच राहतात. घरी कोलंबी सोलली तर टरफलं वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून फ्रीजरच्या कोपऱ्यात, सकाळी थेट कामगाराच्या हातात. हे शाकाहारी घरांच्या चिठ्ठीत लिहू नका, उगाच वाद होतात.

लोक अडतात ते शंकेच्या वस्तूंवर, त्या तक्त्यात घ्या. हाताला लागलेलं उष्टं पुसलेला टिश्यू ओल्यात चालतो, नाक पुसलेला नाही. अंड्याची टरफलं ओल्यात. नारळाच्या शेंड्या आणि करवंट्या वेगळ्या, महिनोन्महिने कुजत नाहीत. शहाळं तर अख्खं टाकलं की ड्रम निम्मा भरतो. आंब्याच्या कोयी मे महिन्यात स्वतंत्र ड्रममध्ये. केरसुणीचा केर ओल्यात नको, त्यात केस, दोरे, टिकल्यांची पाकिटं आणि पिना असतात. तेलकट पिझ्झाचा खोका फाडून ओल्यात, कोरडा भाग सुक्यात.

आणि देवाच्या हाराचा दोरा. फुलं ओल्यात, दोरा काढून. हा दोरा श्रेडरच्या, म्हणजे ओला कचरा बारीक करणाऱ्या मशीनच्या, पात्यांच्या दांड्यावर असा काही गुंडाळला जातो की मशीन उघडून सुरीने कापावा लागतो. कोथिंबिरीच्या जुडीचा रबर, सफरचंदाचा स्टिकर आणि चमचे! स्टीलचे चमचे ओल्या कचऱ्यात किती जातात त्याची कल्पना घरातल्यांना नसते, पातं मोडल्यावर येते.

रद्दी_आणि_भंगार

सुक्याबद्दल थोडं. "सुका" म्हणजे कोरडा, ही गोष्ट कोणी सांगतच नाही. पुठ्ठा भिजला की भंगारवाला वजनात कापतो, रद्दीला दही लागलं असेल तर घेतच नाही. एका गळक्या केचपच्या पाऊचने अख्ख्या पिशवीची किंमत जाते. म्हणून नियम "धुवा" नको, लोक पाण्याचं कारण सांगतात. नियम असा ठेवा: भांडी घासताना शेवटचं विसळण्याचं पाणी दुधाच्या पिशवीतून आणि दह्याच्या डब्यातून एकदा फिरवा, नळाला लटकवा, दुपारपर्यंत वाळतात.

दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण तोडू नका. चीर द्या, तुकडा पिशवीलाच लटकत राहू द्या. सुटलेला तो नखाएवढा तुकडा कोणी वेचत नाही, गटारात जातो.

विकलं काय जातं: पुठ्ठा, रद्दी, पाण्याच्या-थंड पेयांच्या बाटल्या, शाम्पू-फिनेलच्या जाड बाटल्या, दुधाच्या पिशव्या, डबे, लोखंड, अॅल्युमिनियम. काच जाते पण भाव नगण्य, आणि वजन जास्त, म्हणून कामगार टाळतात. वेफर्स, बिस्किट, गुटख्याची चकाकती पाकिटं कोणीही विकत घेत नाही, त्यात प्लास्टिक आणि धातूचा थर चिकटलेला असतो, सुटा करता येत नाही. थर्माकोल हलका असल्याने वाहतुकीलाच परवडत नाही. या वस्तूंसाठी वेगळी जंबो बॅग करा आणि पालिकेच्या सुक्या गाडीलाच द्या. हे कामगारांना आधी सांगा, नाहीतर ते "न विकणारं" हळूच ओल्या ड्रमच्या तळाशी सरकवतात. त्यात त्यांचा दोष नाही, आपण जागाच दिलेली नसते.

बाटल्या दाबून, झाकण लावून. हवा भरलेल्या बाटल्यांनी बॅग भरते आणि वजन होत नाही.

मोडलेली काच, ब्लेड: जाड पुठ्ठ्यात किंवा चार थर वर्तमानपत्रात गुंडाळा, दोऱ्याने बांधा, वर मार्करने "काच" लिहा, कामगाराच्या हातात द्या. डब्यात टाकू नका. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकणाला चिकटपट्टी. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो, फोडायच्या नाहीत. मोबाइल, पॉवर बँक, खेळण्यातल्या बॅटऱ्या कुठल्याच डब्यात नकोत. लिथियमची बॅटरी कॉम्पॅक्टरमध्ये (कचरा दाबणाऱ्या गाडीत) चेपली की पेट घेते. वॉचमनच्या टेबलाखाली एक झाकणाचा डबा ठेवा आणि भरला की अधिकृत ई-कचरा संकलकाला द्या. वर्षात दोन-तीनदाच भरेल.

आकडा हवा असेल तर: नीट वेगळा केलेल्या सुक्यातला अंदाजे निम्मा विकला जातो. भाव रोज बदलतात म्हणून लिहीत नाही. पण तुमच्या जवळचे कोण-कोण भंगारवाले आहेत त्यांना एकदा बोलावून माल दाखवा, दोघांचे भाव घ्या. माणूस मिळत नसेल तर कचरावेचक महिलांच्या संघटनांकडे विचारा. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेचं परिसर विकासचं काम याच क्षेत्रातलं आहे. प्रशिक्षित महिला वर्गीकरण आणि खत दोन्ही सांभाळतात.

सचिव_बी_विंग

हे फार उपयोगाचं आहे, धन्यवाद. आठवड्यातून दोनदा सुका, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. डायपरचं मात्र राहिलं. आणि दंडाबद्दल कोणी बोललं नाही, कमिटीतले दोघे त्यावरच अडून आहेत.

ओलासुका

डायपर-पॅड हा तिसरा प्रवाह, आणि हाही रोज उचलावा लागतो. २०१६ च्या नियमांतच सांगितलं होतं की उत्पादकाने दिलेल्या पाकिटात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचं. पुण्यात लाल ठिपक्याची मोहीम झाली ती याच कारणासाठी: पुडीवर मार्करने मोठा लाल ठिपका काढायचा, म्हणजे वेचणाऱ्या हातांना उघडून बघावं लागत नाही. तुम्ही तीच पद्धत घ्या. कामगाराच्या ट्रॉलीच्या दांड्याला एक वेगळी पिशवी लटकवा, ठिपक्याची पुडी त्यात. डायपरमधली विष्ठा आधी संडासात टाकून मग गुंडाळायचं. पॅड फ्लश करायचे नाहीत हे तक्त्यात ठळक लिहा. आत पाणी शोषणारं पॉलिमर असतं, पाइपात फुगतं आणि चार इंची नळ तळमजल्याच्या बेंडला तुंबतो. त्याचा भुर्दंड पहिल्या मजल्याला बसतो.

मुंबई पालिकेने २०२५ मध्ये घरगुती सॅनिटरी आणि विशेष काळजीच्या कचऱ्यासाठी वेगळी संकलन सेवा सुरू केली, सोसायटीने नोंदणी करायची असते. विभाग कार्यालयात गेलात की तेही त्याच फेरीत करून या. मुदत संपलेली औषधं, बँडेज त्यातच जातं.

दंड. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत (नियमावलीत) उल्लंघनाला दंडाची सोय आहे, पण आधी सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो, मग त्या सदस्याला कारणे दाखवा नोटीस, त्याचं म्हणणं ऐकणं. नुसत्या कमिटीच्या मिनिट्सवर मेंटेनन्सच्या बिलात पाचशे रुपये चढवलेत तर सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे तक्रार होईल आणि ती टिकेल. शिवाय दंड सुरू झाल्यावर लोक वर्गीकरण करतीलच असं नाही, पिशवी लपवायला शिकतात. रात्री अकरानंतर डक्टमध्ये, जिन्याच्या कोपऱ्यात किंवा गेटबाहेरच्या झाडाखाली. डक्टमधली पिशवी काढायला माणूस दोरीने उतरवावा लागतो, तो खर्च दंडापेक्षा जास्त. म्हणून पहिले तीन महिने दंडाचं नाव काढू नका. ठराव मात्र करून ठेवा. शेवटी चार-पाच घरं उरतात जी कशालाच दाद देत नाहीत, त्यांच्यासाठी तो कागद लागतो. भाडेकरू असतील तर नोटीस मालकाला.

खरा दबाव मजल्याचा असतो. नोटीस बोर्डावर घर क्रमांक लावू नका, मजला लावा: "पाचवा मजला – ४ पैकी ४, सहावा – ४ पैकी २." कोणती दोन घरं ते सहाव्या मजल्याला बरोबर माहीत असतं.

चाळकरी

हे सगळं डबल बेडरूमचं गणित झालं. गिरगाव-लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत तीन डबे ठेवायचे तर माणूस गॅलरीत झोपेल. वाचणारे चाळीतलेही असतात म्हणून लिहितो.

डबा एकच, ओल्याचा, मोरीच्या कठड्याखाली. सुक्याला डबा नकोच. तांदळाची पंचवीस किलोची रिकामी गोणपिशवी दारामागच्या खिळ्याला. सुका कोरडा असेल तर त्याला वास नाही, लटकत राहतो. सॅनिटरीची पुडी ठिपका लावून कामगाराच्या हातात.

सामायिक गॅलरीत घरटी डबे नका ठेवू. सकाळी जाणारा-येणारा त्यात पुडी टाकतो आणि कोणाचं ते कळत नाही. त्यापेक्षा मजल्याच्या टोकाला ओल्याचा एक झाकणाचा ड्रम, सकाळी साडेसात ते साडेनऊ एवढाच वेळ, बाकी वेळ तो खाली. चोवीस तास उघडा ड्रम म्हणजे उंदरांना निमंत्रण.

गणपतीत आणि नवरात्रात निर्माल्याची वेगळी टोपली ठेवा, ओल्यात मिसळायला लोक तयार होत नाहीत आणि होऊही नयेत. त्याचं खत वेगळं करून तुळशीला घाला म्हटलं की कोणाची हरकत राहत नाही.

खतवाली

प्रश्न चार. आवारात खत करायचं तर वर्गीकरण सुरू होऊन दीड-दोन महिने झाल्यावरच. पहिल्या महिन्यात ओल्यात दहातला एक-दोन भाग प्लास्टिक येतो, तो खतात गेला की चाळून काढताना कामगार कंटाळतात.

तुमचा ओला रोज ५० किलो धरू. एक बाय एक बाय एक मीटरचे जाळीचे सहा कप्पे. जाळी अर्ध्या इंचाची, मोठी घेतली तर उंदीर शिरतो. एक कप्पा सात-आठ दिवसांत भरतो, सहावा भरेपर्यंत पहिल्याला चाळीस दिवस होतात, म्हणजे तो रिकामा करायला तयार. ओळ वीस फुटांची, समोर माणसाला फावडं फिरवायला चार फूट.

तळाला अर्धा फूट काटक्या-जाड पाला. त्यावर चार इंच ओला, त्यावर पाला, पुन्हा ओला. ५० किलो ओल्याला १० ते १२ किलो कोरडा पाला. घमेल्याने मोजलंत तर जवळपास एकाला एक. पाला कमी पडला की अमोनियाचा, डोळ्यांना झोंबणारा वास येतो. सडक्या अंड्याचा वास म्हणजे हवा नाही, त्या दिवशीच ढीग वरखाली करा. विरजणासाठी आधीच्या खताचे दोन घमेली किंवा पाण्यात फोडलेलं आंबट ताक, महागडी पावडर लागत नाही. मूठभर माल दाबा: बोटांतून एक-दोन थेंब आले तर बरोबर, धार लागली तर पाला घाला, काहीच आलं नाही तर पाणी शिंपडा. लोखंडी सळी मधोमध खुपसून दहा मिनिटांनी काढा, हात ठेववत नसेल इतकी गरम असली पाहिजे. गरमच होत नसेल तर ढीग लहान आहे किंवा सुकलाय. दर तीन-चार दिवसांनी उलटवणं चुकवू नका.

सगळ्यांचं गाडं अडतं ते पावसाळ्यात. चार महिने रोज १० किलो म्हणजे १,२०० किलो पाला, आणि जूनमध्ये कोरडं पानही मिळत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पर्जन्यवृक्ष आणि पिंपळ गळतात तेव्हा गोण्या भरून ठेवा. बाजूच्या सोसायट्या पाला जाळायला निघतात, तो मागून घ्या. तरी पुरणार नाही. बाकी कोकोपीट. पाच किलोची वीट पाण्यात भिजवून फुलवायची सवय असते, इथे भिजवायची नाही, कोरडीच हातोडीने फोडून चुरा करायची, कारण पाणी कचऱ्यात आधीच आहे. सुताराचा भुसा चालतो, पण प्लायवूड-एमडीएफचा नको, त्यात डिंकाची रसायनं असतात. वर पन्हळी पत्रा, तिरक्या पावसासाठी बाजूला ताडपत्री, तळाला विटांचा थर म्हणजे पाणी साचत नाही.

महिन्याला दीड-दोनशे किलो तयार खत निघेल. ते कुठे जाणार हे आधी ठरवा. कुंड्यांना एवढं लागत नाही, आणि तीन महिन्यांनी पोत्यांचा ढीग पार्किंगमध्ये बसला की खताविरुद्धच अर्ज येतात.

सचिव_बी_विंग

म्हणजे वजनापासून सुरुवात, पुढच्या सोमवारी. एक शेवटचं: दोन्ही विंग एकदम घ्याव्यात की आधी एक?

ओलासुका

आधी एक, पण ड्रम वेगळे असतील तरच. ए विंगचा ओला वेगळा केलेला आणि बी विंगचा एकत्र, दोन्ही एकाच ड्रममध्ये गेले तर ए विंगवाले खिडकीतून बघतात आणि तुम्ही पुन्हा पहिल्या दिवसावर. ड्रमवर रंगाने "ए" आणि "बी" लिहा, तीन आठवडे ए चालवा, मग बी. सेक्रेटरी बी विंगमध्ये राहत असेल, तुमच्या नावावरून तसंच दिसतंय, तर बी आधी घ्या.

सचिव_बी_विंग

बी आधी. काटा आज मागवतो. वजनाचे आकडे आले की इथेच टाकतो.

खतवाली

आकडे टाकताना रविवार आणि संकष्टी दोन्ही वेगळे लिहा. फरक बघून कप्प्यांचा आकार ठरवू.